जुन्या .३०३ रायफलीला फोरएण्ड (नळीखालचं लांब लाकूड) बसेना. नळी वाकलीये की माझं डोकं?

बुमरँग_सातारी | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मूळचा सातारचा, गेली चौदा वर्षं ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये. इथल्या रायफल क्लबचा सभासद आहे, कॅटेगरी बीचा परवाना आहे, रायफल तिजोरीत असते. हे आधीच सांगतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद त्यात जायला नकोत.

तीन महिन्यांपूर्वी क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून लिथगोची नंबर १ मार्क ३ स्टार घेतली, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. साल १९४२. नळी आणि बोल्ट चांगले आहेत, पण लाकडाचा खून झालेला. युद्धानंतर इथे लोकांनी या रायफली स्वस्तात घेतल्या आणि रानडुकरं मारायला हलक्या व्हाव्यात म्हणून पुढचं लाकूड करवतीने उडवलं. माझीही तशीच. फोरएण्ड अर्धा, हॅण्डगार्ड (नळीवरचं लाकूड) नाही, नोज कॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी) नाही.

मी तिला परत मूळ रूपात आणतोय. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. घरातल्या एकमेव फोटोत ते अशीच रायफल धरून उभे आहेत, म्हणून हा खटाटोप.

न वापरलेला, युद्धकाळातला कोचवूडचा फोरएण्ड मिळाला. त्यावर ‘स्लॅझ ४२’ असा छाप आहे. होय, टेनिसच्या रॅकेटवाली स्लॅझेंजर! युद्धात ते लिथगोसाठी रायफलीची लाकडं करत होते. बायको म्हणाली, विम्बल्डनला जाणार का हे घेऊन.

आता रड:

१. नोज कॅप लावली की नळीचं तोंड उजव्या भिंतीला घट्ट टेकतं. डावीकडे फट दिसते.
२. पुढचा मोठा स्क्रू (किंग स्क्रू) पूर्ण आवळला तरी हाताने हलवलं की बॉडी (नळीमागचा, बोल्ट बसतो तो लोखंडी सांगाडा) लाकडात किंचित डुलते.
३. ट्रिगरचा पहिला दाब गायब झालाय. आधी दोन टप्पे नीट जाणवायचे.
४. १०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या जवळजवळ, मग एकेक वर चढत जाते.

नळी मधोमध यावी म्हणून मी फोरएण्डच्या नालीची उजवी भिंत पुढच्या बाजूला सॅण्डपेपरने घासली. दीड मिलिमीटर तरी गेली असेल. तरी नळी उजवीकडेच! नळी वाकली असेल का? सगळे सुटे भाग श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवलेत आणि हात टेकलेत.

---

उंटावरचा_शहाणा | शनिवार, रात्री ९:३०

सोपं आहे. डावी भिंतही घासा. मग उरलेलं लाकूड होळीला.

---

परेड_सावधान | शनिवार, रात्री १०:०५

आहाहा! एनसीसीत असताना डीपी (फक्त कवायतीची) रायफल खांद्यावर घेऊन मैदानाला चकरा मारल्यात. वजन जवळजवळ चार किलो, दुपारी दोननंतर चाळीस वाटायचं. आमच्या उस्तादांनी भागांची नावं पाठ करून घेतली होती, ‘पाइलिंग स्विव्हल’ अजून झोपेत म्हणते मी. दुरुस्तीतलं मात्र काही कळत नाही, म्हणून धागा वाचतेय.

---

टेम्सकाठी | शनिवार, रात्री १०:४०

माझ्याकडे इंग्लंडात नंबर ४ आहे. तिच्यात नळी पुढच्या टोकाला लाकडावर काही पौंड दाबाने टेकलेली असावी लागते. शिवाय बोल्ट हेडवर ०, १, २, ३ असे आकडे असतात, ते बदलून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) जमवतात. तुमचा बोल्ट हेड कितीचा आहे?

---

खडकीकर | रविवार, सकाळी ६:२०

टेम्सकाठी, नंबर ४ आणि नंबर १ सख्ख्या बहिणी असल्या तरी सासर वेगळं. नंबर १ च्या बोल्ट हेडवर आकडे नसतात, आणि पुढच्या टोकाची व्यवस्थाही निराळी आहे. एकीचं औषध दुसरीला देऊ नका.

सातारी, मी ईएमईमध्ये (फौजेच्या दुरुस्ती शाखेत) आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. सिकंदराबादला शिकलो, पुढे बरीच वर्षं खडकीत. आम्ही शिकलो तेव्हा फौजेत एसएलआर ही नवी रायफल आली होती, पण .३०३ ट्रेनिंगला आणि पोलिसांकडून दुरुस्तीला यायच्या. लाकूड बसवणं हे आमच्याकडे शिकाऊ पोराचं काम नव्हतं. चार्जहॅण्ड, म्हणजे मुकादम, स्वतः करायचा.

आधी बोल्ट काढा, मॅगझीन काढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. मगच पुढचं वाचा.

नळी वाकलेली नाही. नळी वाकली असती तर फोरएण्ड काढल्यावरही वाकडीच दिसली असती. तुम्ही फोरएण्डशिवाय बघितली का? नसेल तर आता बघा. आणि कृपा करून कानस, पटाशी, सॅण्डपेपर कपाटात ठेवून कुलूप लावा, किल्ली सूनबाईंकडे द्या.

नळीचं लक्षण पुढे दिसतं. रोग मागे आहे.

---

बुमरँग_सातारी | रविवार, सकाळी ११:५०

काका, नमस्कार. बघितलं. फोरएण्डशिवाय नळी सरळ आहे. दोरा लावून बघितला, साईटही मधोमध. मग मागे म्हणजे कुठे?

---

खडकीकर | रविवार, दुपारी ४:१५

(दुपारी झोपतो, म्हणून उशीर.)

दोन जागा आहेत. एकेक करून जाऊ. दोन्ही एकदम दुरुस्त केल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

पहिली, कॉलर. किंग स्क्रू ट्रिगर गार्डमधून वर बॉडीत जातो. लाकडाच्या आत त्या स्क्रूभोवती पोलादाची छोटी नळकांडी असते, तीच कॉलर. तिचं काम एवढंच की स्क्रू आवळताना लाकूड चेपून मरू नये. पण लाकूड वर्षानुवर्षं वाळतं. आडव्या रेषेत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. फोरएण्ड तिथे अर्ध्या मिलिमीटरने जरी पातळ झाला तरी कॉलर लाकडापेक्षा उंच ठरते. मग तुम्ही स्क्रू आवळता, तो ‘टक’ करून थांबतो, तुम्हाला वाटतं घट्ट झालं. घट्ट झालं ते लोखंडावर लोखंड. लाकूड मधल्या मध्ये मोकळं.

तपासायची रीत: रायफल उलटी पाळण्यात (ती धरून ठेवणाऱ्या स्टँडवर) ठेवा. एका हाताचं बोट बॉडी आणि लाकूड यांच्या सांध्यावर, अर्धं लोखंडावर अर्धं लाकडावर. दुसऱ्या हाताने स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पुन्हा आवळा. शेवटच्या आवळीत बोटाला लाकूड दाबलं जाताना जाणवलं पाहिजे. काहीच जाणवलं नाही आणि स्क्रू एकदम दगड झाला, तर कॉलर उंच आहे.

तुमचा ट्रिगरही यातच आहे. नंबर १ मध्ये ट्रिगर गार्डला टांगलेला असतो आणि सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत स्ट्रायकर अडवून धरणारा भाग) बॉडीला. दोघांच्या मध्ये लाकूड. लाकडाची जाडी बदलली की दोघांतलं अंतर बदलतं आणि पहिला-दुसरा दाब बिघडतो. म्हणून ट्रिगरला दगड लावून घासू नका, तो निर्दोष आहे. लाकूड जमेपर्यंत काडतूसही भरू नका.

---

रंधा | रविवार, संध्याकाळी ७:३०

काका बरोबर बोलत्यात. मी कोल्हापुरात सुतारकाम करतो, बंदूक कधी हातात धरली नाही, पण लाकडाचं सांगतो. चौकटीत कूस बसवताना पण असंच होतंय. खिळा घट्ट लागतोय आणि सांधा मोकळा राहतोय. लोकांना वाटतंय खिळा मोठा पायजे.

सातारीभाऊ, घासलेलं लाकूड परत येत नाही ओ. पण तुमचा तो जुना कापलेला फोरएण्ड फेकला नसला तर जपून ठेवा. ठिगळाला त्याच जातीचं, तेवढंच म्हातारं लाकूड मिळणं नशीब लागतंय.

---

बुमरँग_सातारी | सोमवार, रात्री ८:४५

काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा, पाया पडतो.

बोटाला काहीच जाणवलं नाही. स्क्रू दगड! कॅलिपरने मोजलं तर कॉलर लाकडापेक्षा ०.४ मि.मी. उंच. म्हणजे आठवडाभर मी लोखंडावर लोखंड आवळत होतो. आता कॉलर घासायची का?

रंधादादा, जुना फोरएण्ड आहे. त्याच्या मागच्या टोकाला एक लांब चीर आहे, ती कशामुळे आली असेल?

---

खडकीकर | मंगळवार, सकाळी ६:१०

चिरेचं आधी सांगतो, कारण ती चूक तुम्हीही कराल.

दस्ता (खांद्याला टेकतं ते मागचं लाकूड) बॉडीला एका लांब बोल्टने धरलेला असतो; हा साधा पेचाचा बोल्ट, काडतूस ढकलणारा नव्हे. नंबर १ मध्ये त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोरएण्डच्या मागच्या टोकातल्या एका पट्टीच्या खाचेत बसतं, म्हणजे बोल्ट आपोआप सुटू नये. आता कुणी शहाणा फोरएण्ड न काढता मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून बोल्ट फिरवतो. चौकोन खाचेत फिरतो आणि लाकूड उभं चिरतं. नियम असा की दस्ता काढायचा तर आधी फोरएण्ड काढा. बसवताना आधी दस्ता, मग फोरएण्ड, आणि बोल्टचा चौकोन सरळ उभा आहे ना ते बघून. मी शिकाऊ असताना एकाने एका दिवसात तीन फोरएण्ड फाडले. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॉलर घासायची, पण कानशीने हातात धरून नाही. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर, त्यावर कॉलर उभी धरून गोल गोल. दहा फेरे, मोजा. पुन्हा दहा. लाकडापेक्षा केसभर बुटकी झाली की थांबा. जास्त बुटकी केलीत तर लाकूड चेपत राहील आणि ट्रिगर पुन्हा फिरेल. जुनी मूळ कॉलर असेल तर ती जपा आणि दुसरी घासा.

---

परेड_सावधान | मंगळवार, सकाळी १०:००

काका, ‘केसभर’ म्हणजे किती हो? फिटर लोकांचं माप वेगळं असतं का?

---

खडकीकर | मंगळवार, सकाळी १०:२०

पाच-सात शतांश मिलिमीटर. वैताग आला की एक दशांश.

---

बुमरँग_सातारी | गुरुवार, रात्री १०:३०

कॉलर झाली. आता आवळताना लाकूड बोटाखाली दबतं. डुलणं पूर्ण गेलं आणि ट्रिगरचा पहिला दाब परत आला! गेल्या आठवड्यात मी ट्रिगर घासायला निघालो होतो, आठवून घाम फुटतो.

पण नळी अजून उजवीकडेच.

---

खडकीकर | शुक्रवार, सकाळी ६:३०

आता दुसरी जागा. फोरएण्डच्या मागच्या भागात, मॅगझीनच्या खिडकीच्या मागे, आत दोन छोटे खांदे कोरलेले असतात, एक डावा, एक उजवा. आमच्या भाषेत ‘ड्रॉज’. गोळी सुटली की बॉडी मागे येते आणि तो सगळा धक्का या दोन खांद्यांवर बसतो. दोन्हींवर सारखा बसला पाहिजे. कोचवूड अक्रोडाच्या मानाने मऊ, म्हणून लिथगोवाल्यांनी युद्धकाळात तिथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. तुमच्या फोरएण्डला त्या आहेत का बघा.

मग काजळ घ्या. खरंच काजळ. आर्मररच्या पेटीत लॅम्पब्लॅक आणि तेल असायचं, घरी त्यालाच काजळ म्हणतात. बॉडीच्या ज्या भागाला खांदे टेकतात तिथे पातळ हात द्या, फोरएण्ड बसवा, किंग स्क्रू आवळा, दस्त्याजवळ रबरी हातोडीची एक टिचकी मारा, सरळ खाली काढा. कुठे काळं लागलं ते सांगा.

आणि फोरएण्डचं मागचं टोक आणि दस्त्याचा लोखंडी खोबणीचा भाग यांत फट किती आहे तेही, डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी. लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी तरी फट दोन्हीकडे हवी. तिथे लाकूड टेकलं की धक्का खांद्यांऐवजी त्या पातळ टोकावर जातो.

---

बुमरँग_सातारी | शनिवार, दुपारी १:१५

बायकोची काजळाची डबी घेतली. त्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

निकाल: तांब्याच्या पट्ट्या आहेत, दोन्हीकडे. डाव्या पट्टीवर काळा डाग ठसठशीत. उजवी पट्टी नवी कोरी चकाकतेय, काजळाचा थेंब नाही! मागची फट उजवीकडे व्हिजिटिंग कार्ड सहज जाईल एवढी, डावीकडे साधा कागदही अडतो.

---

खडकीकर | शनिवार, दुपारी १:४०

(आज झोपलो नाही.)

सापडला. डावा खांदा पुढे आलाय. तो बॉडीची डावी बाजू पुढे ढकलतो, बॉडी किंग स्क्रूभोवती फिरते आणि नळीचं तोंड उजवीकडे जातं. उजवा खांदा टेकायच्या आधीच नळी नालीच्या भिंतीला अडते.

हिशेब करा. तुमच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर किती?

---

बुमरँग_सातारी | शनिवार, दुपारी १:५२

मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २५ मि.मी.

---

खडकीकर | शनिवार, दुपारी २:०५

नळी २५.२ इंच, म्हणजे ६४० मि.मी. खांद्यांत ०.१ मि.मी. फरक म्हणजे २५० ला १. ६४० वर तो अडीच मिलिमीटर होतो. मागे वहीच्या कागदाएवढी चूक, पुढे अडीच मिलिमीटर. म्हणून पुढची भिंत कितीही घासली असती तरी नळी जागा मिळेल तेवढी उजवीकडे सरकतच राहिली असती. तुम्ही तिला रस्ता मोकळा करून देत होता.

डावी पट्टी अलगद काढा. स्क्रूचं डोकं वर आलंय का, पट्टीखाली काही आहे का, बघा.

---

उंटावरचा_शहाणा | शनिवार, दुपारी २:३०

मी गंमत करत होतो, पण हे भारी आहे. २५० ला १. आमच्या सोसायटीचं गेट का लागत नाही ते आत्ता कळलं. बिजागरी!

---

शिकारी_बाळ्या | शनिवार, दुपारी ३:००

इथे पुण्यात .३०३ कुठे मिळेल? शेतावर ठेवायची आहे.

---

खडकीकर | शनिवार, दुपारी ३:१०

मिळणार नाही. आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअर आहे. हा विषय इथेच संपला.

---

बुमरँग_सातारी | रविवार, सकाळी ९:२०

पट्टीखाली काय सापडलं सांगू? जुनं ग्रीस! गोदामात पडून पडून लाखेसारखं कडक झालेलं, त्यात लाकडाचा एक बारीक ढलपा अडकलेला. ऐंशी वर्षं ते तिथे बसून होतं. खरडून काढलं, पट्टी परत बसवली. पुन्हा काजळ. आता दोन्ही पट्ट्यांवर डाग, पण उजवा फिका.

नोज कॅप चढवली. नळी जवळजवळ मध्यावर, उजवीकडे किंचित झुकती.

---

खडकीकर | रविवार, सकाळी ९:४५

उजव्या पट्टीखाली पितळेची शिम (पातळ पत्रा) घाला, ०.०५ मि.मी.ची. कागद घालू नका, कागद दबतो, तेल पितो, सहा महिन्यांत नाहीसा होतो. पुन्हा काजळ. दोन्ही डाग सारखे काळे आले की हात काढा.

---

रंधा | रविवार, सकाळी ११:१०

आता माझं काम सांगतो. घासलेली भिंत. जुन्या फोरएण्डचा पट्टा काढा, उभ्या रेषा फोरएण्डच्या उभ्या रेषांना समांतर पायजेत, आडवा लावला तर पहिल्याच कोरड्या हवेत उचकटंल. जागा पटाशीनं सपाट करून घ्या, सॅण्डपेपरनं न्हाई, सॅण्डपेपर कडा गोल करतोय. जुन्या तुकड्यात तेल मुरलं असलं तर आधी ते काढा. खडूची पावडर थिनरमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की झाडायचा, दोन-तीन वेळा. आमची आजी तेलाच्या डागाला मुलतानी माती लावायची, तेच. उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. मग इपॉक्सी.

आणि खांद्याला कधी लाकडाचं ठिगळ लावायची पाळी आली तर लाकडाचं टोक, म्हंजे जिथं वर्तुळं दिसत्यात ती बाजू, लोखंडाकडं करा. बाजूनं लाकूड दबतंय, टोकावर दबत न्हाई. ओंडक्यावर कुऱ्हाड मारून बघा.

---

खडकीकर | रविवार, सकाळी ११:३०

रंधा, तुम्ही बंदूक हातात धरली नाही म्हणता? आमच्या वर्कशॉपला हवे होतात.

सातारी, नालीत भिंत परत भरली तरी नळीला बाजूने चिकटवू नका, पण पूर्ण मोकळीही सोडायची नाही. आजकालच्या टार्गेट रायफलीत नळी हवेत तरंगती ठेवतात, लोक तेच इथे करायला जातात. ही तशी बनलेलीच नाही. मागचा जाड भाग लाकडात नीट बसलेला, मध्ये इनर बॅण्ड (नळीभोवतीचं कडं) स्प्रिंगसकट नळीला खाली धरतो, पुढे नोज कॅपपाशी छोटा स्टड (खुंटी) खालून स्प्रिंगने वर रेटतो. हे तिन्ही असतील तरच नळी गरम झाल्यावर जागेवर राहते. सगळे भाग आहेत ना?

---

बुमरँग_सातारी | रविवार, दुपारी १२:०५

आहेत काका, सगळे श्रीखंडाच्या डब्यात आहेत.

---

बुमरँग_सातारी | पुढचा शनिवार, रात्री ८:००

ठिगळ बसलं. रंग जुळला नाही, पण हॅण्डगार्डखाली जातं. जवसाच्या कच्च्या तेलाचे चार हात दिले, रोज एक. (तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. मी पाण्यात बुडवून बाहेर पसरून वाळवल्या.)

शिम घातली. काजळाचे डाग जुळे भाऊ. मागे दोन्हीकडे फट सारखी. नोज कॅप बोटांनी चढली, हातोडी लागली नाही. नळी मधोमध! फोटोतल्या पणजोबांच्या रायफलीशेजारी धरून बघितली. बायकोही दोन मिनिटं काही बोलली नाही. उद्या रेंज.

---

परेड_सावधान | पुढचा शनिवार, रात्री ८:२५

निकाल इथेच टाका! आमच्या घरी सगळे विचारतात, मागे कागद घातला का त्यांनी.

---

बुमरँग_सातारी | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४०

१०० यार्ड, दहा गोळ्या, पोत्यावर टेकवून. डावे-उजवे आता एका रेषेत, तळहाताखाली झाकतील. पण सातवीपासून पुढच्या अजून वर चढल्या. आधीइतक्या नाही, पण चढल्या.

---

खडकीकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४८

स्टड आणि स्प्रिंग घातली होती का?

---

बुमरँग_सातारी | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:१०

स्टड घातला होता.

डबा उघडून बघितला. स्प्रिंग झाकणाच्या कडेला चिकटून बसलीये.

---

खडकीकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:१२

डबा धुऊन घ्या.